वरदची ट्रिप, मनूचं जेवण

इरावती सोमण विमा कंपनीतून निवृत्त झाली, तरी तिच्या जुन्या ऑफिसातली माणसं सहलीला निघायचं म्हटलं की अजून आधी तिलाच फोन करतात. बस कुठे उभी करायची, घाट लागायच्या आधी कोणाला पुढच्या सीटवर घ्यायचं, कोणाची चतुर्थी आहे, कोण हटकून उशिरा येतं आणि म्हणून त्याला वेळच आधीची सांगायची, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असायचं. माथेरान असो की मुरूड, इरावतीनं आखलेली सहल फसत नाही असा तिचा लौकिक होता, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा थोडा तोराही होता.

लग्न तिनं केलं नाही. करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. आईचं आजारपण आणि धाकट्या भावाचं शिक्षण यांत ते राहून गेलं, आणि पुढे त्याची रुखरुखही राहिली नाही. ठाकूरद्वारजवळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत तुळस आणि गवती चहा, सकाळी चौपाटीवर फेरी. भाऊ यशोधन प्रभादेवीला राहायचा. बायको लतिका, बारा वर्षांची मनू आणि आठ वर्षांचा वरद, एवढं त्याचं घर, आणि इरावतीचं म्हणावं असं घरही तेच.

वरद स्वमग्न आहे. तो बोलतो कमी, आणि बोलतो ते बहुतेक आपण बोललेलंच परत बोलतो. सगळं ठरल्यासारखं घडलं की तो खुशीत असतो. काही आवाज मात्र त्याला सोसत नाहीत. रस्त्यावरचे हॉर्न चालतात, फटाकेसुद्धा लांबचे असले तर चालतात, पण मिक्सर, कर्कश माइक आणि मॉलच्या बाथरूममधलं हात सुकवायचं मशीन यांनी तो कळवळतो.

दोन वर्षांपूर्वी तसंच झालं होतं. चौघं एका मॉलमध्ये गेली होती. बाथरूममधलं ते मशीन सुरू झालं आणि वरद बाहेर पळाला, सरकत्या जिन्यापाशी फरशीवर आडवा झाला आणि ओरडायला लागला. सिक्युरिटीवाल्यानं त्याचा दंड धरला, तर त्यानं चावा घेतला. भोवती माणसं जमली. दोघातिघांनी मोबाइल काढले. एक बाई लतिकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली की हल्ली आईबापांना मुलांना वळण लावायला वेळच नसतो.  त्या दिवसापासून ते घर मिटून गेलं. शाळा, वरदची थेरपी, आणि भल्या सकाळी गर्दी व्हायच्या आत शिवाजी पार्कला एक चक्कर. बाकी बाहेर जाणं बंद. लग्नकार्याला दोघांपैकी एकजण जायचं, आहेर द्यायचा आणि यायचं.

भाऊबीजेला इरावती प्रभादेवीला गेली तेव्हा लतिका ओट्याशी उभ्यानंच चकली खात होती, कान बाहेरच्या खोलीकडे लावून. किती दिवसांनी बघतेय मी हिला, आणि ही एकदासुद्धा टेकली नाही, असं इरावतीच्या मनात आलं. निघताना चपला घालता घालता तिनं सांगून टाकलं की डिसेंबरातल्या एका शनिवारी मुलं तिच्याकडे राहायला येतील आणि रविवारी ती त्यांना फोर्टात फिरवून आणेल.

लतिका हसली, पण कसनुसं. "ताई, तुमचं मन मोठं आहे. पण तो तुम्हाला आवरणार नाही."

यशोधन गप्प राहिला. एरवी तो बहिणीची बाजू घ्यायचा. त्याचं ते गप्प राहणं इरावतीला जास्त लागलं, आणि त्यामुळेच बहुधा तिनं मनावर घेतलं.

तिनं आधी रंगीत तालीम केली. एका रविवारी एकटीच निघाली. सीएसएमटीपर्यंत टॅक्सी, तिथून वरच्या मजल्यावर बसायला मिळणारी एसी डबलडेकर, मग काळ्या घोड्याजवळचं म्युझियम. बसमध्ये दार उघडताना कसा आवाज होतो ते तिनं डोळे मिटून ऐकलं. म्युझियमच्या बाथरूममध्ये जाऊन भिंतीवर ते मशीन कुठे आहे ते पाहिलं, त्याच्या समोर हात धरून बघितला आणि स्वतःच दचकली. पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात वर्दळ केव्हा कमी असते ते तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, उघडल्या उघडल्या या मॅडम, तेव्हा कोणी चिटपाखरू नसतं. वाटेत जागोजागी तिनं फोटो काढले. बसचा जिना, म्युझियमचा घुमट, काचेमागचा वाघ. एक साठीची बाई वाघाचे इतक्या बाजूंनी फोटो का काढतेय, हे बघायला एक परदेशी जोडपं थबकलं होतं.

मग तीन आठवडे दर शनिवारी ती प्रभादेवीला गेली आणि वरदला ते फोटो क्रमानं दाखवले. आधी टॅक्सी, मग बस, मग जिना, मग वाघ. तिसऱ्या शनिवारी तोच तिला सांगायला लागला, "मग जिना. मग वाघ." लतिका स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "बरं. न्या."

या सगळ्यात मनू पलंगावर भिंतीला टेकून कानात इयरफोन घालून बसलेली असायची. इरावतीनं तिला विचारलं होतं, बरं का. मनू म्हणाली होती, "मला काहीही चालेल, आत्या." किती समजूतदार पोर आहे, असं म्हणून इरावतीनं तो विषय तिथेच सोडला होता.

ठरल्या शनिवारी यशोधन मुलांना गिरगावात सोडून गेला. लतिकानं पाठवलेल्या पिशव्यांत वरदची उशी, वरदचं ताट, वरदचा साबण आणि कान झाकायचे मोठे हेडफोन होते. वरदनं दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या, पंखा बंद करून परत लावला, आणि गॅलरीच्या कठड्याशी बसून खालून जाणाऱ्या गाड्या बघत राहिला. इरावतीनं सुस्कारा टाकला आणि मटार सोलायला घेतले. मनू तिच्या शेजारी येऊन बसली. तीही शेंगा सोलायला लागली.

"आत्या, मी उद्या नाही आले तर चालेल?"

इरावतीला वाटलं पोरीचं पोट दुखत असेल. तिनं तसं विचारलं. मनूनं मान हलवली.

"नाही गं, बरी आहे मी. तुझा प्लॅन मस्त आहे. पण तो वरदचा प्लॅन आहे ना. मी घरी थांबते, तुलाच सोपं पडेल."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, आणि तेच इरावतीला टोचलं. वरदला कुठला आवाज सोसतो, कुठला नाही, हे तिनं महिनाभर शोधलं होतं. या मुलीला काय हवंय ते ती एका वाक्यात विचारून मोकळी झाली होती. ऑफिसच्या सहलीत कोणाला पुढची सीट लागते हे जिला पाठ, तिच्या हातून घरातली पोर सुटली होती.

तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं. "तुला कुठे जायचंय? खरं सांग."

मनूनं बराच वेळ एकच दाणा बोटांत फिरवला. "जायचं कुठे नाहीये. मला एकदा हॉटेलात बसून पूर्ण जेवायचंय."

"पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे संपेपर्यंत. आम्ही जायचो ना, तेव्हा पण निम्म्यात उठायचो. मग पार्सल. घरी येईपर्यंत सगळं गार आणि मऊ झालेलं असतं. माझ्या मैत्रिणी सांगतात की खाऊन झाल्यावर पण त्या बसून राहतात. नुसत्याच. गप्पा मारत."

 इरावती म्हणाली की उद्या म्युझियमनंतर जेवायला हॉटेलात जायचं, ठरलं. मनू म्हणाली, नको आत्या, त्याची तालीम नाही झालेली. हे ती हसत म्हणाली, पण होतं खरं. हॉटेलाचा एकही फोटो वरदनं पाहिलेला नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या सीमावहिनींना मुलांपाशी बसवून इरावती कोपऱ्यावरच्या हेरंबच्या उपाहारगृहात जाऊन आली. हेरंबच्या वडिलांच्या वेळेपासून ती तिथे थालीपीठ खायला जायची. तिनं हेरंबला सरळ सगळं सांगितलं. उद्या दुपारच्या आधी येऊ, भटारखान्यापासून लांबचं टेबल हवंय, टीव्ही बंद ठेवता येईल का. हेरंब म्हणाला की टीव्ही बंद करतो, टेबल ठेवतो, पण रविवारचं गिऱ्हाईक आहे, पोरं ऑर्डरी ओरडणारच, त्याला मी तरी काय करू. इरावती म्हणाली, तेवढं चालेल. चालेल की नाही हे तिला मुळीच माहीत नव्हतं. येताना तिनं दाराचा, टेबलाचा आणि पुरीच्या ताटाचा फोटो मात्र काढून आणले आणि वाघाच्या पुढे ते लावून वरदला दाखवले. त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

रविवारी सकाळी टॅक्सी झाली, बस झाली. बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली. झाडांच्या फांद्या काचेवर यायच्या आणि सर्रकन मागे जायच्या, तसा वरद दर वेळी मान खाली घालायचा आणि खुदकन हसायचा. मनूनंही मान खाली घालायला सुरुवात केली. इरावतीनं त्या दोघांचा पाठमोरा फोटो काढून लतिकाला पाठवला. लगेच निळी खूण आली, उत्तर आलं नाही. इरावतीला वाटलं, जमतंय की. अभिमान असा हळूच परत येऊन बसतो.

बसमधून उतरून ती तिघं म्युझियमच्या दिशेनं निघाली आणि समोरच्या मोकळ्या जागेत कसला तरी मांडव दिसला. संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. कोणीतरी माइकवर टिचकी मारली, "हॅलो, चेक, चेक," आणि पाठोपाठ स्पीकरमधून अशी शिट्टी निघाली की इरावतीचेही दात शिवशिवले.

वरद जागच्या जागी खाली बसला. हेडफोन मनूनं झटकन त्याच्या कानांवर चढवले, तरी तो गुडघ्यांत डोकं खुपसून डोलायला लागला आणि त्याच्या घशातून एक लांब, एकसुरी आवाज निघायला लागला. इरावती त्याच्यापुढे वाकली. वरद, बाळा, झालं हं, ऊठ, वाघ बघायचाय ना, आपण आत जाऊ, आत आवाज नाही, असं ती एका दमात बोलत सुटली. तो आणखी मोठ्यानं ओरडायला लागला.  तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, लतिकाला फोन करावा लागतोय.

"आत्या, तू बोलू नकोस," मनू म्हणाली. "बोललं की त्याला जास्त होतं. फक्त बसायचं."

आणि ती फुटपाथवर त्याच्या पाठीला पाठ लावून बसली. त्याच्याशी बोलली नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इरावतीनं क्षणभर आपल्या कडक इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं आणि तीही खाली बसली. किती वर्षांत ती अशी रस्त्यावर बसली नव्हती. माणसं वळसा घालून जात होती. एका तरुणानं चालता चालता मोबाइल वर केला, तेव्हा इरावतीनं त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की त्यानं तो खिशात घातला. एका बाईनं थांबून विचारलं, काय झालं, पाणी हवंय का. इरावती म्हणाली, "काही नाही हो. बसलोय जरा." बाई बरं म्हणाली आणि गेली.

बोलून गेल्यावर इरावतीला जाणवलं की ते खरंच होतं. काही झालेलं नव्हतं. एक मुलगा आवाजाला घाबरला होता आणि त्याची माणसं त्याच्याजवळ बसली होती. आभाळ जागच्या जागी होतं. 

हळूहळू त्याचा आवाज खाली आला. डोलणं थांबलं. मग तो उठला, मनूचा हात धरला आणि म्युझियमकडे पाठ करून चालायला लागला. इरावती मागोमाग निघाली. वाघ राहिला. रविवारच्या बंद गल्ल्यांतून ती तिघं फिरली. दुकानांची शटरं खाली होती, पायऱ्यांवर मांजरं पसरली होती, आणि वरद एकेका शटरावरून बोटं फिरवत, त्याचा खडखड आवाज ऐकत, मजेत चालला होता. हा आवाज त्याला चालत होता. इरावतीच्या कुठल्याही तालमीत ती गल्ली नव्हती.

"आता घरी जाऊया, आत्या," मनू म्हणाली. "आज एवढं पुरे झालं त्याला."

"घरी जाऊ," इरावती म्हणाली. "जेवून."

हेरंबनं शब्द पाळला होता. टीव्ही बंद, कोपऱ्यातलं टेबल रिकामं. वरद दारात थबकला, दाराकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाला, "मग पुरी." म्हणजे फोटो त्यानं पाहिले होते तर. त्याच्यासाठी पुऱ्या मागवल्या, भाजी वेगळ्या वाटीत. मनूनं मेन्यूकार्ड सावकाश वाचलं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, जणू परीक्षेचा पेपर हातात आला होता. मग तिनं लोण्याबरोबर थालीपीठ सांगितलं, कोथिंबीर वडी सांगितली आणि जरा घुटमळून पीयूष. वरद टम्म फुगलेल्या पुऱ्या खायचा, बसलेली पुरी बोटानं दूर सारायचा. हेरंब स्वतः येऊन बसलेल्या पुऱ्या उचलून नेत होता आणि फुगलेल्या आणून ठेवत होता. 

मनूचं थालीपीठ निम्मं झालं होतं तेव्हा आत मिक्सर लागला. तिच्याच पीयूषसाठी.

वरदनं कान दाबले आणि खुर्ची मागे सारली. आणि इरावतीनं पाहिलं, त्याच्या आधी मनू उठली होती. तोंडात घास, एक हात पिशवीत, दुसरा हात वेटरला बोलावायला वर. पार्सल. ती काही विचार करत नव्हती. हात आपोआप वर गेला होता, शाळेत हजेरीला जावा तसा.

इरावतीनं तो हात धरून खाली आणला.

"तू बस. मी त्याला घेऊन बाहेर जाते."

"पण आत्या…"

"तू बस आणि जेव. अजून काय हवं ते मागव. आम्ही इथेच आहोत, दारात."

वरदला घेऊन ती पायऱ्यांवर जाऊन बसली, बोलली नाही. समोर दुचाक्या लावलेल्या होत्या. वरद त्यांच्या आरशांत एकेक करून डोकावत गेला. काचेतून तिला मनू दिसत होती. आधी ती दर घासाला दाराकडे बघत होती. मग एक घास न बघता गेला. मग तिनं पाठ खुर्चीला टेकवली. कोथिंबीर वडीचे बारीक तुकडे करून, एकेक लोण्यात बुडवून, ती निवांत खायला लागली. पीयूषचा पेला आला, तो संपला, आणि तिनं हेरंबला बोलावून दुसरा मागितला. हेरंबनं आधी दाराबाहेर इरावतीकडे पाहिलं. इरावतीनं वरदचा हात धरला आणि त्याला मिक्सर थांबेपर्यंत रस्त्याच्या टोकापर्यंत फिरवून आणलं.

इतकं सोपं होतं ते. एकानं बाहेर जायचं, एकानं बसायचं. हॉटेलात जायची तेव्हा ती चौघं एकदम उठायची, कारण भोवती माणसं जमायच्या आत सगळ्यांनी मिळून पळायचं, एवढंच त्यांना शिकायला मिळालं होतं. इरावतीला त्यांचा राग आला नाही. तिला लतिकाची फार माया आली.

परत आल्यावर वरद आपणहून आत गेला, खुर्चीवर बसला आणि उरलेली पुरी हातात घेऊन बघू लागला. मनूचं ताट स्वच्छ होतं. तरी ती उठली नाही. पेल्याच्या कडेला बोट फिरवत, इकडे तिकडे बघत, नुसती बसून राहिली. इरावतीही बसली. कोणालाच घाई नव्हती.

घरी पोचल्यावर इरावतीनं लतिकाला फोन लावला. फोन यशोधननं उचलला आणि अगदी हळू आवाजात बोलला. लतिका झोपली होती. बसमधला तो फोटो तिनं बघितला, थोडा वेळ हातात फोन धरून बसली, आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली ती अजून उठलेली नाही. तो म्हणाला, घर इतकं शांत आहे ताई, की काय करावं कळेना, म्हणून मी दाढी केली. मग त्यानं विचारलं, काही झालं का. इरावतीनं फुटपाथचं सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. मनूनं काय केलं तेही सांगितलं, आणि हॉटेलचंही. 

"पूर्ण जेवली?" यशोधननं विचारलं.

"दोन पीयूष प्यायली वर."

तो हसला. नाक ओढल्याचाही आवाज आला, पण इरावतीनं ऐकू न आल्यासारखं केलं.

संध्याकाळी दोघं मुलांना न्यायला आली. लतिकाचे डोळे झोपेनं सुजले होते आणि चेहरा कित्येक वर्षांनी तरुण दिसत होता. ती खाली सतरंजीवर बसली, इरावतीनं केलेला गवती चहाचा चहा बसूनच प्यायली, आणि मनूला जवळ ओढून तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मनूनं आधी अंग चोरलं, मग डोकं आईच्या मांडीवर टाकलं. यशोधननं तिला विचारलं की पुढच्या रविवारी माझ्याबरोबर कुठे येशील, आपण दोघंच. मनू म्हणाली, सांगते विचार करून, आणि त्या रुबाबावर सगळेच हसले. वरदही हसला, थोडा उशिरा.

ते गेल्यावर इरावती दार लावून पलंगावर आडवी झाली, साडीसुद्धा न बदलता. फुटपाथवर बसून गुडघे चांगलेच धरले होते, नि साडीला मागे काळा डाग पडला होता, तो बहुधा निघणार नव्हता. तिनं पाय लांब केले. खाली कोणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. ते ऐकता ऐकता तिला झोप लागली.